मॅप फाइलमधला तक्ता

वसई पूर्वेच्या वालीव भागातल्या एका गाळ्यात आम्ही भट्ट्यांचे टेम्परेचर कंट्रोलर बनवतो. खाली पॅनेलचं ड्रिलिंग नि सोल्डरिंग, वर माळ्यावर माझा लॅपटॉप. चिप एसटीएम३२ एफ१०३सी८: ६४ किलोबाइट फ्लॅश, २० किलोबाइट रॅम. एका गिऱ्हाइकाला तापमानाची नोंद साठवून हवी होती. त्यासाठी बफर टाकला आणि बिल्ड अडलं. कंपायलरची काहीच तक्रार नव्हती. लिंकर म्हणाला, रॅममध्ये मावत नाही.

कंपायलर एकेका सी फाइलची ऑब्जेक्ट फाइल करून देतो. कोणतं फंक्शन कुठल्या पत्त्यावर जाणार हे त्याला ठाऊक नसतं. ते ठरवतो लिंकर, स्क्रिप्ट वाचून. कोड आणि न बदलणारा डेटा फ्लॅशमध्ये, बदलणारी व्हेरिएबल रॅममध्ये. कॉलेजात याबद्दल जेमतेम दोन वाक्यं सांगतात नि पुढे जातात. लिंकरने बनवलेली मॅप फाइल उघडून बघा, असं तर कोणीच सांगत नाही. सगळा हिशेब मात्र तिथेच असतो: प्रत्येक सिम्बॉल, त्याचा पत्ता, त्याने खाल्लेले बाइट.

मॅपमध्ये 'डॉट डेटा' सेक्शनखाली थर्मोकपलचा तक्ता दिसला. ० ते १२०० अंश, दर अंशाला एक फ्लोट, ४ बाइटचा. एकूण ४,८०४ बाइट. म्हणजे जवळपास पाव रॅम, तीही कधीच न बदलणाऱ्या आकड्यांसाठी! जुन्या कोडमध्ये तक्त्याआधी 'कॉन्स्ट' लिहिलेलं नव्हतं, इतकंच कारण. 'डॉट डेटा'ची गंमत अशी की तो दोन्हीकडे जागा अडवतो. वीज गेली की रॅम कोरी, म्हणून सुरुवातीच्या किमती फ्लॅशमध्ये ठेवाव्या लागतात. लिंकर या सेक्शनच्या आरंभाला नि शेवटाला सिम्बॉल देतो, आणि स्टार्टअप कोड त्यांच्या आधारे, मेन सुरू होण्याआधी, सगळं रॅममध्ये उतरवून घेतो. 'कॉन्स्ट' घातल्यावर तक्ता फ्लॅशमधल्या 'रोडेटा' सेक्शनमध्ये गेला, रॅम मोकळी झाली. फ्लॅशचा आकडा जवळजवळ हलला नाही. तक्ता तिथे आधीपासूनच होता ना.

फ्लॅशही काठोकाठच भरली होती. त्यात प्रिंटएफने दशांश छापण्यासाठी लायब्ररीतून ओढून आणलेला कोड बराच होता. तापमान दहापट करून पूर्णांकात छापलं, तो सगळा गळाला. न वापरलेली फंक्शनं लिंकरकरवी काढून टाकण्याचा पर्यायही लावला. तो लावताना इंटरप्ट व्हेक्टरच्या टेबलाला स्क्रिप्टमध्ये 'कीप' आहे ना, हे बघून घ्यावंच. कोडमधून त्या टेबलाला कोणी हाक मारत नाही, त्यामुळे लिंकर त्याला बिनकामाचं समजू शकतो. चिप मात्र चालू होताच पहिल्यांदा तेच वाचते: आधी स्टॅकचा पत्ता, मग रिसेट हँडलरचा.

नवं फर्मवेअर टेस्ट भट्टीवर चाललेलं पाहून शेठ वर आले. जागा उरलीय म्हटल्यावर त्यांचा पहिला प्रश्न, "मग मॉडबस पण बसेल ना?"

मी मॅप पुन्हा उघडली.