सोडण्यालाही बळ लागते

व्यापारी घराण्यांत देहाची चौकशी बहुधा रक्तदाब आणि साखर या दोन आकड्यांपाशी थांबते. पेढीवर दहा-बारा तास बसणाऱ्या माणसाच्या मांड्या, पोटऱ्या आणि पाठ यांचा हिशेब कोणी ठेवत नाही. साठीनंतर गादीवरून उठताना हाताचा आधार लागू लागतो, सामायिकासाठी खाली बसता येईना म्हणून खुर्ची मागवली जाते आणि घरची मंडळी म्हणतात, 'वय झाले.' वय झाले हे खरेच; परंतु वयाने नेमके काय नेले हे समजून घेतले, तर त्यातले पुष्कळसे राखता येते.

स्नायू म्हणजे तंतूंची जुडी. प्रत्येक तंतूत त्याहून बारीक सूत्रे असतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्या सूत्रांवर गडद-फिके आडवे पट्टे दिसतात. हे पट्टे ज्या घटकांमुळे उमटतात त्यांना सार्कोमिअर म्हणतात. एका सार्कोमिअरची लांबी साधारण 2 ते 2.5 मायक्रोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये असे 400 ते 500 घटक एकापुढे एक बसतात. त्याच्या दोन्ही टोकांना प्रथिनांची भिंत असते. भिंतींना जोडलेले अ‍ॅक्टिनचे पातळ तंतू, मधोमध मायोसिनचे जाड तंतू आणि या जाड तंतूंना मध्यभागी धरून ठेवणारे टायटिन नावाचे लवचीक प्रथिन, अशी ही मांडणी आहे. टायटिन हे मानवी शरीरातील सर्वांत मोठे प्रथिन होय.

स्नायू आकुंचन पावतो तेव्हा हे तंतूच आखूड होत असावेत, असा समज दीर्घकाळ होता. 1954 साली 'नेचर' नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन शोधनिबंध प्रसिद्ध झाले. एक अँड्र्यू हक्सली आणि रॉल्फ नीडरगर्के यांचा, दुसरा ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन यांचा. दोन्ही हक्सलींचे परस्परांशी नाते नव्हते, पण निष्कर्ष एकच निघाला. तंतूंची लांबी बदलत नाही. ते एकमेकांच्या मधून सरकतात आणि दोन्ही भिंती जवळ येतात.

हे सरकणे घडते ते असे. मज्जातंतूचा निरोप येताच पेशीतील साठ्यातून कॅल्शिअम सुटते. त्यामुळे अ‍ॅक्टिनवरील झाकलेल्या जागा मोकळ्या होतात. मायोसिनची टोके त्या जागा पकडतात, ओढतात, सोडतात आणि पुढची जागा पकडतात. विहिरीचा दोर हातोहात ओढावा, तसेच हे काम. एका ओढीत तंतू सरकतो तो मिलिमीटरच्या लाखाव्या भागाएवढा किंवा त्याहूनही कमी. मग हात उचलला जातो कसा? थेंबे थेंबे तळे साचते, तसा. दहा सेंटिमीटर लांबीच्या एका ओळीत 40,000 सार्कोमिअर असतात. प्रत्येकाने केवळ अर्धा मायक्रोमीटर दिला, तरी एकूण बेरीज दोन सेंटिमीटर होते.

या व्यवहारातील सर्वांत विलक्षण गोष्ट वेगळीच आहे. शरीराचे ऊर्जेचे चलन म्हणजे एटीपी नावाचे रसायन. ते पकडण्या-ओढण्यासाठी खर्च होत असेल, हे कोणालाही पटते. पण पकड सोडण्यासाठीही त्याचीच गरज असते. एटीपीचा नवा कण येऊन बसल्याखेरीज मायोसिनचे टोक अ‍ॅक्टिनला सोडत नाही. मृत्यूनंतर काही तासांत देह ताठरतो, याचे कारण हेच. ऊर्जा संपलेली असते आणि अखेरची पकड तशीच राहते. पुढे प्रथिनेच झिजू लागतात, तेव्हा तो ताठरपणा उतरतो.

परिग्रह धरून ठेवणे हे सामर्थ्याचे लक्षण आणि सोडणे ही दुर्बलता, असा बाजारातला समज आहे. शरीराची व्यवस्था त्याच्या उलट सांगते. क्षमापनेच्या दिवशी जुने वैर सोडताना मनाला जे कष्ट पडतात, ते दुबळेपणाचे नसतात. त्याला बळ खर्चावे लागते.

आता वयाचा प्रश्न. उतारवयात स्नायू झिजण्याला 'सार्कोपेनिया' हे नाव अर्विन रोझेनबर्ग यांनी 1989 साली सुचवले. ग्रीक शब्दांनुसार त्याचा अर्थ होतो मांसाचे दारिद्र्य. हे दारिद्र्य केवळ वयाने येत नाही, न वापरल्यानेही येते. प्लास्टरमध्ये राहिलेला पाय काही आठवड्यांत बारीक होतो, हे सर्वांनी पाहिले आहे. पण उलट प्रवासही शक्य आहे. बोस्टन येथील एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या आसपासच्या दहा अशक्त वृद्धांकडून पायांचे वजनाचे व्यायाम करून घेण्यात आले. 1990 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार, आठ आठवड्यांत व्यायाम पूर्ण करणाऱ्यांच्या पायांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. नव्वदीत हे होते, तर पासष्टीत नक्कीच होऊ शकते.

त्यासाठी व्यायामशाळाच हवी असे नाही. हाताचा आधार न घेता खुर्चीतून दहा वेळा उठणे, देरासराच्या पायऱ्या चढणे, गुडघे साथ देत असतील तोवर वंदना पूर्ण वाकून करणे, हे सारे सार्कोमिअरचेच काम आहे. आहारात मूग, तूर, हरभरा, शेंगदाणे, दूध हवे. द्विदळाची मर्यादा पाळूनही प्रथिने पुरेशी मिळू शकतात. उपवासाचे मोल प्रथिनांत मोजायचे नसते. परंतु दीर्घ उपवासात शरीर चरबीबरोबर स्नायूंतील प्रथिनेही वापरते, हे ध्यानी घेऊन वडीलधाऱ्यांनी अठाईपूर्वी वैद्यकीय सल्ला घ्यावा आणि पारण्यानंतरचे आठवडे केवळ शिरा-पुरीवर घालवू नयेत.

कायोत्सर्गात देहाची ममता सोडून निश्चल उभे राहायचे असते. बाहेरून देह स्थिर दिसतो, पण त्या वेळीही पोटऱ्यांतील आणि पाठीतील असंख्य टोके पकडत-सोडत त्याला तोलून धरतात. ज्याला ती साधना शेवटपर्यंत उभ्याने करायची आहे, त्याने आपल्या पायांची काळजी आजपासूनच घ्यावी.