ओल

आषाढात लोणच्याच्या बरणीच्या झाकणाची मूठ निखळली. चिनी मातीची ही बरणी आई लग्न होऊन आली तेव्हापासून घरात आहे. तोंडाला दादरा, आत वर्षाची फोड. मूठ जोडायला मी सुपरग्लूची ट्यूब घेतली. ती जरा जोरात दाबली गेली. एक थेंब फरशीवर पडला, एक माझ्या अंगठ्याशी ओघळला, आणि अंगठा नि तर्जनी एकमेकांना घट्ट धरून बसली.

मी हिसका देणार तोच आई म्हणाली, "ओढू नकोस गं, कातडी निघेल." तिने वाटीत साबणाचं कोमट पाणी केलं. त्यात बोटं भिजवून मी ती हळूहळू एकमेकांवर फिरवत राहिले. चिकटलेली कड अलगद सुटत गेली.

फरशीवरचा थेंब पुसायला तिने सुती फडकं उचललं, तेव्हा थांबवायची पाळी माझी होती. हा गोंद सुतात मुरला की इतका तापतो की हात भाजतो, कधी धूरही निघतो. थेंब तसाच वाळू दिला, जुन्या प्लॅस्टिक कार्डाच्या कडेने खरवडला. उरलेला डाग खिडकी उघडून, गॅस बंद ठेवून, अ‍ॅसिटोन असलेल्या नेलपॉलिश रिमूव्हरने पुसला. प्लॅस्टिकवर किंवा पॉलिशच्या लाकडावर हा उपाय नको, चकाकी जाते.

सायनोअ‍ॅक्रिलेट हे या गोंदाचं रासायनिक नाव. 1942 मध्ये अमेरिकेत हॅरी कूवर बंदुकीच्या दुर्बिणीसाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधत होते. हा पदार्थ दिसेल त्याला चिकटायचा, म्हणून त्यांनी बाजूला टाकला. त्याची खरी किंमत कळली ती 1951 मध्ये. त्याला कडक करते ती ओल: हवेतली, वस्तूच्या अंगावरची, डोळ्यांना न दिसणारी. घामेजलेली बोटं म्हणूनच इतक्या चटकन चिकटतात.

मग ट्यूब सांभाळायची रीतही लोणच्याचीच. तिचं तोंड कागदाने पुसून बूच घट्ट लावलं आणि फिरकीच्या झाकणाच्या छोट्या बाटलीत, बुटांच्या खोक्यातून जपून ठेवलेल्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ती उभी ठेवली. न उघडलेली ट्यूब फ्रिजमध्ये टिकते; मात्र बाहेर काढल्यावर खोलीइतकी कोमट झाल्याशिवाय उघडायची नाही, नाहीतर तिच्यावर दव धरतं. आणि औषधांशेजारी कधीच नाही. डोळ्यांचे थेंब समजून लोकांनी ती डोळ्यांत घातलेली आहे. तसं झालंच तर पापण्या ताणायच्या नाहीत; पाण्याने धुवून थेट डॉक्टरांकडे जायचं.

मूठ आता पक्की बसली आहे. सांध्याची केसाएवढी रेघ बोटाला लागते. झाकण उचलण्याआधी आई अजूनही पदराला हात पुसते, दोनदा. कितीही पुसला तरी हातावर थोडी ओल उरतेच. तेवढ्याच ओलीने ही मूठ धरून ठेवली आहे.