नुसतेच बोलतात!

'बिफोर सनसेट' या चित्रपटाविषयी दोन मते नेहमी ऐकू येतात. पहिले तक्रारीचे : यात काहीच घडत नाही, दोन माणसे पॅरिसमधून फिरतात आणि नुसतेच बोलतात. दुसरे कौतुकाचे : किती सहज बोलतात, जणू सुचेल तसे! आम्हाला दोन्ही मते अपुरी वाटतात.

रिचर्ड लिंकलेटर या अमेरिकी दिग्दर्शकाचा हा चित्रपट २००४ सालचा. त्याआधी १९९५ साली त्यांचा 'बिफोर सनराइज' आला होता. त्यात जेसी आणि सेलीन रेल्वेत भेटतात, व्हिएन्नात एक रात्र भटकतात आणि सहा महिन्यांनी तिथल्याच फलाटावर भेटायचे ठरवून निरोप घेतात. ती भेट होत नाही. नऊ वर्षांनी पॅरिसमधल्या पुस्तकांच्या दुकानात त्यांची गाठ पडते. जेसीला विमान गाठायचे आहे. पडद्यावरची सुमारे ८० मिनिटे, तेवढाच वेळ त्यांच्या हाती आहे.

दुसऱ्या मताचे उत्तर सोपे आहे. ही पटकथा लिंकलेटर आणि दोन्ही प्रमुख कलावंत, एथन हॉक व ज्युली डेल्पी, यांनी मिळून लिहिली आणि तिला ऑस्करचे नामांकन मिळाले. ती सहजता घासूनपुसून मिळवलेली आहे.

पहिले मत मात्र आपल्या सवयीतून येते. आपले कान 'मुगल-ए-आझम'सारख्या चित्रपटांच्या डायलॉगवर पोसलेले. तिथे अकबर सलीमशी बोलतो, तेव्हा ते वाक्य थिएटरमधल्या शेवटच्या रांगेसाठीही असते. त्याची शान वेगळीच. 'बिफोर सनसेट'मध्ये टाळीचे वाक्य नाही, गुफ्तगू आहे.

आमचे लग्न वडीलधाऱ्यांनी ठरवले. निकाहापूर्वी आम्ही दोघे चार वाक्येही बोललो नव्हतो. पुढे बोललो ते रेशन, शाळेची फी आणि अब्बांची औषधे यांविषयी. बरीच वर्षे घर याच बोलण्यावर चालले. हा चित्रपट पाहताना जेसी आणि सेलीन नोकरी, राजकारण, जगाची बरी-वाईट अवस्था यांवर अखंड बोलत होते. तेव्हा पत्नी म्हणाली, ''हे बोलत नाहीत, टाळताहेत.''

आम्ही वाचलेल्या परीक्षणांपेक्षा हे मत आम्हाला खरे वाटले. व्हिएन्नाला गेलोच नव्हतो, असे जेसी आधी सांगतो. तो गेला होता, हे कबूल करायला त्याला वेळ लागतो. दोघे मोटारीत बसतात. तो मान वळवून बोलत असताना सेलीन त्याच्या डोक्याकडे हात नेते आणि त्याचे लक्ष जाण्याआधी मागे घेते. एवढ्या बोलक्या चित्रपटातला सर्वात मोठा प्रसंग हा, आणि त्या हाताविषयी कोणी एक शब्दही बोलत नाही.

२०१३ सालच्या 'बिफोर मिडनाइट'मध्ये हीच दोघे, आता जुळ्या मुलींचे आईबाप, ग्रीसमधल्या हॉटेलच्या खोलीत कडाडून भांडतात. प्रेमकथेची सगळी गोडी गेली, असे काहींना वाटते. आम्हाला तसे वाटत नाही. भांडायलाही समोरच्याशी बोलावे लागते. आपल्या कितीतरी घरांत भांडण होतच नाही. नुसता अबोला असतो, आणि लोक त्या घराला सुखी म्हणतात.