लेकराचं पोट उडायलंय

खेड्यातली माणसं लेकरू उशिरा आणतात, असं आम्ही डॉक्टर सहज बोलून जातो. बालरोगतज्ज्ञ म्हणून धाराशिव जिल्ह्यात काम करताना मला हे पटेनासं झालं आहे. आई-बाप पहिल्या दिवसापासून धावपळच करत असतात. लेकरू दूध ओढेना की आजी मीठ-मिरच्या ओवाळते, पोटाला हिंग लावते. संध्याकाळी बाप मोटारसायकलवर शेजारच्या गावच्या डॉक्टरकडे नेतो. मग कळंब किंवा परांडा, मग धाराशिव, शेवटी बार्शी, सोलापूर नाहीतर लातूर. दर मुक्कामाला नवी चिठ्ठी, नवा खर्च, आणि आधी काय दिलं ते कुणालाच ठाऊक नाही.

घात बहुधा पहिल्या सुईनंतर होतो. ताप उतरतो आणि घर निर्धास्त होतं. न्यूमोनिया ओळखायचा तो मात्र श्वासावरून. लेकरू शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याचे ५०, पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचे ४० भरले, तर ताप असो-नसो, दवाखाना गाठायचा. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, पिणं थांबलं असेल, तर रात्रही काढायची नाही. १०८ला फोन लावायचा.

श्वासाची ही खूण आयांना आमच्याआधी दिसते. "ताप उतरला व्हता की, पण पोट उडायलंय," असं आई सांगते, त्यात निम्मं निदान असतं. घरातले तिला "तुला उगंच वाटतंय" म्हणून गप्प करतात. दवाखान्यात "आधी का नाही आणलं?" असं सगळ्यांदेखत झापलं, की पुढच्या वेळी ती आणखी दबकते. हा प्रश्न आपण डॉक्टरांनी टाकून द्यायला हवा.

डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनं गडचिरोलीत गावातल्या सुईणींनाही श्वास मोजायला शिकवलं. अंक न येणाऱ्यांसाठी मणी आणि एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ होतं. न्यूमोनियाचं औषधही त्यांच्याच हाती दिलं. १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्या अभ्यासात न्यूमोनियाचे बालमृत्यू निम्म्याहून कमी झाले होते. आपल्याकडे अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारी यांच्या 'हॅलो मेडिकल फाउंडेशन'नं गावोगावच्या बायकांना 'भारतवैद्य' म्हणून उभं केलं. उपचार उंबऱ्यापाशी आले, की मधले मुक्कामच गळतात.

पण दिवाळी सरली की कळंब, वाशी, भूम, परांड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. फडावर एक दिवस बुडाला की खाडा पडतो, त्याचे पैसे कापले जातात. त्यामुळे कोपीतल्या लेकरासाठी दवाखाना शोधायचा तो अंधार पडल्यावर, परक्या तालुक्यात, कधी कर्नाटकात. तिथं ओळखीची आशाताई नसते. निघणाऱ्या जोडप्यांना मी लसीकरणाचं कार्ड, ओआरएसची पाकिटं आणि जुलाबात १४ दिवस द्यायच्या झिंकच्या गोळ्या जवळ ठेवायला सांगतो. मोबाइलवर मिनिट लावून दोघांकडूनही श्वास मोजून घेतो. हे टोळीच्या मुकादमालाही शिकवायला हवं. रात्री गाडी काढायची की नाही, हे फडावर तोच ठरवतो.