माकड, मेगावॅट आणि आपण

आमच्या आजीचा साधा नियम : तांबड्या तोंडाचं ते माकड, काळ्या तोंडाचं ते वानर. आम्ही पडलो कॉन्व्हेंटवाले, आम्हाला दोन्ही 'मंकी'च! पण दिवाळीच्या सुट्टीत मामाकडे कोइमतूरला गेलो आणि अनमलईच्या डोंगरात, वालपराईला, आजीचा नियम मोडणारा प्राणी भेटला. तोंड काळं, भोवती करडी आयाळ, शेपटीला सिंहासारखा गोंडा, तरी जातीने माकड. नाव सिंहपुच्छ. पश्चिम घाटाचा दक्षिण भाग सोडला तर जगातल्या दुसऱ्या कुठल्याही रानात तो नाही.

त्याची मेस झाडांच्या शेंड्यांवर. फळं, फुलं, बिया, किडे असा मेनू. कलेनिया नावाच्या झाडाची फुलंही खातो आणि काटेरी फळं फोडून बियाही. एका झाडाला वर्षभर फळ नसतं, म्हणून कळप झाडावरून झाडावर फिरत राहतो. गालाच्या पिशव्यांत फळं कोंबतो, बिया पुढे कुठेतरी थुंकतो. रान त्याला पोसतं, तो रान पेरतो. मध्ये रस्ता आला, फांद्या तुटल्या, की ही मेस बंद.

वालपराईत एका गाडीतल्या काकांनी चिप्स फेकले. माकड रस्त्यावर उतरलं आणि वळणावरून बस आली. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला म्हणून वाचलं. "बिचारं उपाशी होतं हो," काका म्हणाले. खरं तर तिथे माकडांसाठी रस्त्यावरून झाडाझाडांना जोडणारे पूल बांधलेत. पण खाऊ खालीच मिळाला तर वरून कोण जाईल?

याच माकडामुळे गाजलेली सायलेंट व्हॅली केरळात आहे. तिथे कुंतीपुळा नदीवर १२० मेगावॅटचं धरण होणार होतं. १९७९ मध्ये केरळ शास्त्र साहित्य परिषदेने प्रकल्पाचा तांत्रिक-आर्थिक हिशेब तपासून अहवाल काढला. लिहिणाऱ्यांत इंजिनियरही होते, हे वाचून कॉलर ताठ झाली! १९८३ मध्ये प्रकल्प गुंडाळला गेला, १९८४ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं.

मित्रांनो, होस्टेलची लाईट गेली की मीही सगळ्यांबरोबर बोंब मारतो. वीज हवीच, रस्तेही हवेत. पण उद्या आपल्यातलाच कुणी घाटात सर्व्हेला जाईल. तेव्हा किती झाडं पडणार एवढंच लिहून थांबू नका, फांद्यांची वाट कुठे तुटते तेही नकाशावर दाखवा. आणि तोपर्यंत, घाटात माकड दिसलं की गाडीची काच तेवढी वर घ्या.