सम्राटाच्या घराची जमीन

"मावशी, आज वर बघायचं नाही. खाली बघत चाल," बसमधून उतरता उतरता भाची म्हणाली. ती दोन वर्षांपासून रोममध्ये जुन्या वास्तूंच्या जतनाचं शिक्षण घेतेय. एखाद्या राजवाड्यात माणूस आधी छताकडे पाहतो, कमानी मोजतो, खांबांना हात लावतो. ही मुलगी मला जमीन बघायला सांगत होती. तिचं ऐकलं हे बरं झालं.

रोमहून तिवोलीकडे जाताना वाटेत एका ठिकाणी गाडीत गंधकाचा वास शिरतो. तिथे गरम पाण्याचे झरे आहेत, आणि आजूबाजूला ट्रॅव्हर्टीन दगडाच्या खाणी. कापलेले पांढरट ठोकळे रस्त्याकडेला रचलेले दिसतात. कलोसियम याच भागातल्या दगडाने उभं राहिलं. खाणी मागे पडल्या की समोर टेकड्या येतात, आणि त्यांच्या पायथ्याशी, रोमपासून साधारण ३० किलोमीटरवर, हेड्रियन बादशहाचं घर आहे. व्हिला आद्रियाना.

घर हा शब्द मी जपून वापरते आहे, कारण आत गेल्यावर तो टिकत नाही. सुमारे १२० हेक्टर, म्हणजे जवळपास ३०० एकरांचा हा पसारा. तीसहून अधिक इमारती, हमामखाने, ग्रंथालयं, तलाव, मंदिरं, बागा. हेड्रियन इ.स. ११७ मध्ये गादीवर आला आणि १३८ मध्ये गेला. गादीवर आल्याबरोबर त्याने हे काम काढलं, आणि पुढची पंधरा-सोळा वर्षं ते चालूच राहिलं. प्रवेशद्वाराजवळच्या एका खोलीत संपूर्ण वास्तूची लहान प्रतिकृती मांडली आहे. ती बघताना एखाद्या शहराची प्रतिकृती बघतोय असंच वाटतं. बाहेर ऑलिव्हची झाडं, सुरूची उंच रांग, मे महिन्याचं मऊ ऊन.

पहिल्यांदा भेटते ती एक भिंत. नऊ मीटर उंच, दोनशेहून अधिक मीटर लांब, एकटी. तिच्या दोन्ही अंगांना कधीकाळी छप्पर होतं. जेवणानंतर शतपावली घालायला केलेली ही जागा, उन्हाळ्यात एका बाजूला सावली, हिवाळ्यात दुसऱ्या बाजूला ऊन. भिंतीच्या तोंडावरचे दगड पाहून मी थबकलेच. लहान चौकोनी दगड तिरके बसवलेले, ओळीने, एकसारखे. दिवाळीत ताटात मांडलेल्या शंकरपाळ्यांसारखे. मधूनमधून विटांचे पट्टे. माणसाने किती हजार वेळा तोच दगड त्याच कोनात ठेवला असेल? पण हे सगळं मुळात दिसण्यासाठी नव्हतंच. याच्यावर गिलावा होता, मोक्याच्या दालनांत संगमरवर होता. आज आपण जी भिंत बघून थक्क होतो, ती त्यांच्या लेखी अस्तर होती.

वरचं कापड कुठे गेलं, त्याचं उत्तर टेकडीवरच्या तिवोली गावात आहे. सोळाव्या शतकात कार्डिनल इप्पोलितो द एस्ते याने तिथे आपला महाल आणि कारंज्यांची प्रसिद्ध बाग उभारली. त्याचा वास्तुविशारद पिर्रो लिगोरिओ याने इथे खोदकाम केलं, मूर्ती काढल्या, संगमरवर वर नेला. त्याआधीची कित्येक शतकं हे अवशेष म्हणजे फुकटची खाणच होती. संगमरवर भट्टीत भाजला की चुना होतो, एवढं ज्याला ठाऊक होतं त्याने मूर्तीसुद्धा भाजल्या. जे वाचलं ते आज रोमच्या कॅपिटोलिन संग्रहालयात, व्हॅटिकनमध्ये आणि युरोपभरच्या दालनांत विखुरलेलं आहे.

जमीन मात्र उचलून नेणं तितकं सोपं नसतं. म्हणूनच इथे खाली बघायचं.

एका मोठ्या दालनात भाचीने मला थांबवलं. जमिनीवर फक्त चुन्याचा करडा थर होता. "नीट बघ," ती म्हणाली. डोळे सरावले तेव्हा त्या थरात चौकोन दिसू लागले, मग चौकोनांच्या पोटातली वर्तुळं, मग त्यांच्यामधल्या बारीक रेघा. वर्षानुवर्षं टांगलेली तसबीर काढल्यावर भिंतीवर तिची चौकट उरते ना, तसं. फरशा गेल्या होत्या, त्यांचे ठसे राहिले होते. एका कोपऱ्यात दोन-तीन तुकडे अजून जागेवर होते. एक जांभळट तांबडा, एक मधासारखा पिवळा, एक गर्द हिरवा. जांभळट पोर्फिरी इजिप्तच्या पूर्वेकडच्या वाळवंटातला. पिवळा आजच्या ट्युनिशियातला. हिरवा ग्रीसमधल्या स्पार्टाजवळचा. जांभळ्या शिरांचा पांढरा दगड यायचा तो आजच्या तुर्कस्तानातल्या डोंगरातून. एकाच जमिनीत तीन खंड शेजारी शेजारी बसवलेले! सम्राट सकाळी उठून स्नानाला जाताना आपल्या साम्राज्यावरून चालत जात होता.

आणि तो खरोखरच चालणारा, फिरणारा राजा होता. कारकिर्दीचा निम्म्याच्या आसपास काळ त्याने रोमबाहेर, प्रांतांमध्ये काढला. ब्रिटनमध्ये त्याच्या नावाची भिंत आहे. अथेन्सवर त्याचा जीव होता. इजिप्तमध्ये नाईल नदीत इ.स. १३० मध्ये त्याचा लाडका तरुण सोबती अँटिनोअस बुडून मेला. या दुःखातून राजा बाहेर आला नाही. त्याने त्या तरुणाच्या नावाने शहर वसवलं, साम्राज्यभर त्याच्या मूर्ती घडवल्या, आणि या घराच्या आवारातही त्याचं स्मारक बांधलं. प्राचीन चरित्रकार सांगतो की पाहिलेल्या आणि मनात राहिलेल्या जागांची नावं त्याने इथल्या भागांना दिली. अथेन्समधल्या अकादमीचं, ग्रीसमधल्या टेंपे दरीचं, इजिप्तमधल्या कॅनोपस गावाचं. मृतांच्या पाताळाचंसुद्धा.

कॅनोपस म्हणजे १२० मीटरच्या आसपास लांबीचा एक तलाव. कडेने खांब, त्यांवर एक कमान, एक सपाट पट्टी, पुन्हा कमान. मध्ये मध्ये मूर्तींच्या प्रतिकृती. अथेन्सच्या एका मंदिरात डोक्यावर छत पेलणाऱ्या स्त्रिया आहेत, तशा चार जणी इथेही पाण्याकडे तोंड करून उभ्या आहेत. काठावर हिरव्या शिरांच्या संगमरवराची एक मगर. एका टोकाला अर्ध्या घुमटाखाली दगडी अर्धवर्तुळ आहे. पाहुणे तिथे लोडाला टेकून जेवायचे आणि भिंतीतून सोडलेलं पाणी त्यांच्या भोवतीने वाहायचं. ओबडधोबड कोनाडे आज कोरडे आहेत. पण पाण्यावर पडलेलं कमानीचं प्रतिबिंब बघत मी किती वेळ उभी होते कोण जाणे. ज्याने सगळं जग पाहिलं, त्याला घरी परतल्यावरही जग हवं होतं.

त्याच माणसाला जगापासून सुटकाही हवी होती. उंच गोल भिंत, आत गोलाकार खांबांची ओवरी, मग गोल पाणी आणि पाण्याच्या मधोमध बेट. बाहेरच्या भिंतीपासून मोजलं तर सगळं मिळून ४३ मीटरच्या आसपास. त्या बेटावर एक पूर्ण घर होतं. लहानसा चौक, निजायच्या खोल्या, स्नानगृह, शौचकूप. आज तिथे जायला पक्का पूल आहे. पण सुरुवातीला हलवता येणारे लाकडी पूल होते. पूल ओढून घेतला की जगाचा धनी एकटा. तीनशे एकरांच्या राजवाड्यात हे एवढंसं गोल घर बघून माझ्या घशाशी काहीतरी आलं. एवढं सगळं बांधून शेवटी त्याला एक दार लावून घेता येईल अशी जागा लागली.

पण खरंच तो एकटा होता का? बेटावरच्या स्नानगृहात पाणी कोण तापवत होतं?

इथून पुढे मी भाचीला प्रश्न विचारत सुटले. तिने मला हमामाजवळ नेलं. एका ठिकाणी जमीन खचली आहे आणि तिच्या पोटातली रचना उघडी पडली आहे. विटांचे गुडघ्याएवढे खुंट ओळीने उभे, त्यांवर फरशी तोललेली. बाजूच्या भट्टीत लाकडं पेटवली की गरम हवा या पोकळीतून फिरायची आणि वरची जमीन तापायची. वर अनवाणी पायांना सुखाची ऊब. भट्टीच्या तोंडाशी धूर, राख आणि घामाने निथळणारा गुलाम.

तो भट्टीपर्यंत यायचा कुठून? खालून. या सगळ्या इमारतींखाली बोगद्यांचं जाळं आहे, मिळून काही किलोमीटरचं. काही फक्त माणसांपुरते, काहींतून बैलगाडी जाईल इतके रुंद. चार बोगद्यांचा मिळून एक मोठा चौकोन आहे. त्याची एकेक बाजू सुमारे ३०० मीटर. छताला ठेवलेल्या भोकांतून थोडा उजेड. लाकूडफाटा, धान्य, मद्याचे रांजण, राख, मैला, सगळं खालून. वर बागेत फिरणाऱ्या पाहुण्याच्या नजरेला ओझं वाहणारा माणूस पडू नये, ही त्यातली सोय. गवतातल्या एका भोकाशी वाकून मी आत पाहिलं. गार हवा चेहऱ्यावर आली. खाली काळोख होता आणि कुठेतरी पाणी ठिबकत होतं.

मग ती शंभर खोल्यांची इमारत. त्या एकट्या भिंतीचं विस्तीर्ण पटांगण उतारावर पेलून धरायला हा पाया घातला आणि त्या पायातच एकावर एक मजले करून कोठड्या काढल्या. कोठारं म्हणून, आणि नोकरचाकरांना राहायला. खिडकी नाही, दार तेवढं. वरती शतपावली, तिच्या खाली हे.

आता जमिनीचं गणित मला कळू लागलं होतं. जिथे रंगीत संगमरवर जडवलेला, ती जागा राजाची. जिथे काळ्या-पांढऱ्या चिपांचं मोझाइक, ती मधल्या फळीतल्या माणसांची. जिथे साधी वीट किंवा लाकूड, ती बाकीच्यांची. शौचकूपांतही तोच भेद आहे. राजाच्या आणि मानाच्या पाहुण्यांच्या वाट्याला एकेकट्या बैठकीचे, बाकीच्यांना सलग बाकावर शेजारी शेजारी बसायचं. अक्षर न ओळखणाऱ्या माणसालाही इथे पाऊल टाकताच समजत असेल की आपण इथे यायचं की नाही.

शेवटी आम्ही काळ्या-पांढऱ्या खोल्यांत आलो. मधे लांब ओसरी, दोन्ही बाजूंना पाच-पाच खोल्या, बहुतेक खोल्यांत तीन पलंगांचे तीन कोनाडे. पहारेकरी राहत असावेत, किंवा वरच्या दर्जाचे सेवक. खोलीच्या मध्यभागी चिपांची फुलं, वेलबुट्ट्या, प्रत्येक खोलीत निराळी नक्षी. मी वाकून पाहिलं. एकेक चीप नखाएवढी. आणि जिथे पलंग असायचा, तिथे नक्षी थांबते. पलंगाखाली साधे चौकोन. जे झाकलं जाणार त्यावर श्रम कशाला घालवायचे, असा कारागिराचा हिशेब. एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसाचा विचार मला त्या रेषेवर स्पष्ट ऐकू आला.

त्याचं नाव कुठे नाही. इथल्या विटांवर शिक्के आहेत, पण त्यांत नावं वीटभट्टीची आणि त्या वर्षीच्या कॉन्सलांची, म्हणजे रोमच्या प्रमुख अधिकाऱ्यांची. इ.स. १२३ चे शिक्के खूप सापडले, म्हणून तर बांधकामाचा काळ ठरवता आला. मला कार्ल्याची लेणी आठवली. सातवाहनांच्या काळात आपल्या किनाऱ्यावरून रोमन जगाशी व्यापार चाले, आणि कार्ल्याच्या खांबांवर धेनुकाकट गावच्या यवनांनी (ग्रीकांसाठीचा तेव्हाचा शब्द) आपल्या दानाची नोंद कोरून ठेवली आहे. तिथल्या दारावर, ते घडवणाऱ्या सामी नावाच्या सुताराचंही नाव आहे. सम्राटाच्या घराने आपल्या सुताराला तेवढी जागा दिली नाही.

ओसरीच्या टोकाला एक कामगार बाई पाइनच्या वाळक्या काड्या झाडत होती. मोझाइकच्या कडेकडेने, हलक्या हाताने. खराट्याचा आवाज ऐकत असताना मला आजोळचा वाडा दिसू लागला. पुढच्या सोप्यात वेलबुट्टीच्या रंगीत फरशा, आजोबा आणि पाहुणे तिथे बसत. माजघरात शहाबादी. मागच्या पडवीत शेणाने सारवलेली जमीन. सुट्टीत त्या तिन्ही जमिनींवरून मी दिवसभर धावले आहे, आणि त्यांत काही लिहिलेलं असेल असं कधी मनात आलं नाही.

आमच्याकडे काम करणारी काकू सोप्यातली फरशी रोज सकाळी गुडघे टेकून पुसायची, पार लख्ख होईपर्यंत. मग तिचा चहा यायचा. तो घेऊन ती मागे जायची आणि सारवलेल्या जमिनीवर बसून प्यायची.