काबाशितोचें हिरवें मैदान

ब्यूनॉस आयर्स शहरांतील ओंसे स्थानकावरून पश्चिमेकडे जाणाऱ्या आगगाडींत बसलें म्हणजे पहिलेंच स्थानक काबाशितोचें लागतें. पूर्वीं येथें एक दुकानवजा गुत्ता होता व त्याच्या छपरावर वाऱ्याची दिशा दाखविणारा लहानसा घोडा बसविलेला होता. ‘काबाशितो’ म्हणजे चिमुकला घोडा. लिहितांना या नांवांत दोन ‘ल’ येतात, पण शहरचे लोक त्यांचा उच्चार ‘श’ करतात. येथील रुळांकडे आपल्या इकडील मनुष्यानें जरा निरखून पाहावें. दोन रुळांमधील अंतर पांच फूट सहा इंच, म्हणजे १८५३ सालीं मुंबईहून ठाण्यास जी पहिली गाडी गेली तिच्या रुळांइतकेंच आहे. आर्जेंटिना देशांतील पहिली आगगाडी त्यानंतर चार वर्षांनीं, ऑगस्ट १८५७ मध्यें, याच पश्चिम लोहमार्गावर धांवली.

हा लोहमार्ग १८९० सालीं एका इंग्रज कंपनीनें विकत घेतला. इंग्रजांबरोबर कचेऱ्या आल्या, कारकून आले आणि फुटबॉलही आला. ता. २८ जुलै १९०४ रोजीं या रेल्वेच्या शंभरएक नोकरांनीं एकत्र येऊन एक क्लब काढला, व पुढील जानेवारींत रुळांलगतच त्याचें मैदान खुलें झालें. क्लबाचें आजचें नांव ‘फेर्रो कार्रिल ओएस्ते’. लोक नुसतें ‘फेर्रो’ म्हणतात. शब्दार्थ पाहिला तर ‘पश्चिम लोहमार्ग’! मुंबईकरास आपल्या चर्चगेटची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. खेळाडूंचा पोशाख हिरवा, म्हणून त्यांना ‘बेर्दोलागा’ हें टोपणनांव पडलें. बेर्दोलागा म्हणजे दुसरें तिसरें कांहीं नसून आपल्या घरीं ताकांत शिजते ती घोळीची भाजी होय.

१९३१ सालीं धंदेवाईक फुटबॉलचा संघ स्थापन झाला, त्यांतील मूळच्या अठरा क्लबांपैकीं फेर्रो हा एक. परंतु बोका ज्युनियर्स व रिव्हर प्लेट या बड्या घराण्यांपुढें त्याची ऐपत ती काय! पुष्कळ वर्षें कधीं वर, कधीं खालीं, अशीच गेलीं.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. त्या देशांत असे क्लब कोणा धनिकाच्या मालकीचे नसतात. वर्गणी भरणारे सभासद हेच मालक. तेव्हां फेर्रो म्हणजे केवळ अकरा खेळाडू नव्हेत. तेथें बास्केटबॉल आहे, व्हॉलीबॉल आहे, पोहणें आहे. आजोबा, सून व नातू एकाच क्लबाचे सभासद असावेत हें त्या वस्तींत नवलाचें नाहीं. १९६३ पासून सुमारें तीस वर्षें सांतियागो लेयदेन यांनीं अध्यक्ष या नात्यानें हा संसार चालविला.

१९८० सालीं कार्लोस ग्रिगोल हे फुटबॉलचे शिक्षक म्हणून आले. खेळाडू त्यांना ‘म्हातारा’ म्हणत. त्या देशांत हा शब्द बापालाही लावतात. मैदानांत उतरणाऱ्या प्रत्येकाच्या छातीवर ते थाप मारीत. मोटार घेण्याआधीं घर घ्या, असा तरुणांपाशीं त्यांचा आग्रह असे, आणि शिकणाऱ्या मुलांचा अभ्यासही ते विचारीत. बास्केटबॉलचे शिक्षक लेओन नाइनुदेल यांच्याशीं चर्चा करून, प्रतिपक्षाची वाट अडवून आपला गडी मोकळा करण्याची त्या खेळांतील युक्ति त्यांनीं फुटबॉलमध्यें आणली. शेजारच्या खेळापासून शिकण्यांत त्यांना कमीपणा वाटला नाहीं, हें मला विशेष वाटतें.

१९८१ सालीं मारादोना ज्यांत खेळत होता त्या बोकाच्या मागें फेर्रो एकाच गुणानें राहिला. त्याच वर्षीं दुसऱ्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यांत रिव्हर प्लेटकडून हरला. पण पुढच्याच वर्षीं एकही सामना न गमावतां त्यानें राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविलें. फॉकलंडचें युद्ध हरून देश खिन्न झाला होता. त्याला दोन आठवडेही झाले नव्हते. १९८४ सालीं तर रिव्हर प्लेटला त्याच्याच मैदानावर तीन गोलांनीं हरवून फेर्रोनें दुसरें अजिंक्यपद घेतलें. त्या संघांतील ऑस्कार गार्रे हा १९८६ सालीं विश्वचषक जिंकणाऱ्या राष्ट्रीय चमूंत होता.

ग्रिगोल गेले, पुढें लेयदेनही गेले, आणि घराची घडी विसकटली. १९९८-९९ च्या मोसमांत सलग ८७५ मिनिटें या संघास एक गोल करतां आला नाहीं. २००० सालीं पहिला वर्ग सुटला, २००१ सालीं दुसराही. देणीं इतकीं वाढलीं कीं डिसेंबर २००२ मध्यें न्यायालयानें क्लबाचें दिवाळें जाहीर केलें. मैदान विकून सावकारांची तोंडें बंद करणें सोपें होतें. परंतु दोन वर्षांपूर्वींच अशा क्लबांसाठीं एक कायदा झाला होता: न्यायालयानें नेमलेल्या विश्वस्तांनीं कारभार पाहावा, देणीं हळूहळू फेडावीं, पण क्लब मोडूं नये. या पहाऱ्याखालीं फेर्रोनें बारा वर्षें काढलीं. या काळांत सभासदांना आपल्याच घरांत सत्ता उरली नव्हती. तरीही ते येत राहिले. २००३ सालीं संघ दुसऱ्या वर्गांत परतला, आणि २०१४ सालीं दिवाळें उठून कारभार पुन्हा सभासदांच्या हातीं आला.

पहिला वर्ग मात्र २०२४ अखेरपर्यंतही त्याला गांठतां आला नव्हता. मैदान जेथें होतें तेथेंच आहे, आणि शेजारून गाड्या जातात. ज्या कंपनीच्या नोकरांनीं क्लब काढला ती कंपनी १९४८ सालीं सरकारनें घेतली, व त्या लोहमार्गास माजी राष्ट्राध्यक्ष सार्मियेंतो यांचें नांव दिलें. जुनें नांव आतां क्लबापाशींच राहिलें आहे.